सोळा उंदीर

माझी ताई घरात स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. चहा उभ्यानं, जेवण अर्धवट, आणि बोलता बोलता हाताशी येईल ते पुसत राहायचं. रोगप्रतिकारशास्त्रात तिची सत्तावीस वर्षं गेली. त्यांतून निघाले एकेचाळीस शोधनिबंध. चाळीस निबंधांना फारसं कुणी विचारत नव्हतं. एक मात्र असा गाजला, की जगभरातल्या नऊशे बारा लेखांत त्याचा आधार घेतलेला होता. सकाळी दात घासायच्या आधी ती हा आकडा बघायची. "आज बाजार काय म्हणतोय?" असं विचारून मी तिला चिडवायचो, आणि ती खरंच चिडायची.

यंदा प्राध्यापकपदाची मुलाखत होती. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. आधी दोनदा तिला डावलून तिच्या हाताखाली शिकलेल्यांना ते पद दिलं गेलं होतं. निवडणाऱ्यांना मी अजून मनातल्या मनात शिव्या घालतो. या वेळी मात्र नऊशे बारा पाठीशी होते, त्यामुळे काम फत्ते, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

मुलाखत शुक्रवारी होती. आधीच्या रविवारी ती जुन्या वह्या जमिनीवर पसरून त्यांच्यामधून फिरत होती आणि मी तिची कागदपत्रं क्रमानं लावत होतो. एका पानापाशी ती थबकली. त्या गाजलेल्या प्रयोगात चाळीस उंदीर होते. निम्म्यांना नवी लस टोचलेली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पुढे ओळखता यावेत म्हणून लसवाल्यांच्या डाव्या कानाला खाच पाडायची, पाणीवाल्यांच्या उजव्या. चोवीस उंदरांचं काम तिनं केलं होतं. मग तिला ताप भरला, आणि उरलेले सोळा उंदीरघर सांभाळणाऱ्या मामांनी उरकले. मामांनी वहीत खुणेसाठी एक उंदीर काढला होता. तो समोरून काढलेला होता, आणि डावा म्हणून दाखवलेला कान खरा उजवा होता.

ताई उंदराला नेहमी पाठीकडून धरायची. तिच्या डाव्या हाताकडचा कान तो उंदराचाही डावाच. ती तशीच उठून मामांच्या घरी गेली, मीही मागोमाग गेलो. मामा कधीच निवृत्त झालेले, पण सगळं लख्ख आठवत होतं.

"मी समोरच धरायचो, बाई," ते म्हणाले. "तोंड बघितल्याशिवाय सुई टोचायला बरं वाटत नसे मला."

काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. ताई नाही म्हणाली. परतताना ती इतकी भरभर चालत होती, की मला धाप लागली.

घरी येऊन तिनं सोळांची अदलाबदल दुरुस्त केली आणि आकडेमोड पुन्हा मांडली. लसवाले आणि पाणीवाले सारखेच निघाले. लसीचा गुण म्हणून जे गाजलं, ते काही नव्हतंच. मी तिला म्हटलं, शुक्रवार होऊन जाऊ दे, मग कळव काय ते. अकरा वर्षं थांबलेली चूक आणखी पाच दिवस थांबली तर आभाळ कोसळत नाही. मला त्यात गैर वाटलं नव्हतं. आजही पुरतं वाटत नाही.

तीन दिवस ती ओटा ते गॅलरी, गॅलरी ते ओटा अशा येरझाऱ्या घालत होती. बुधवारी तिनं मला एक जुनं पत्र वाचायला दिलं. नऊशे बारांपैकी कुणीच तो प्रयोग स्वतः करून पाहिला नव्हता. परगावच्या एका विद्यार्थिनीनं मात्र पाहिला होता, तोही तीनदा. दोन्ही गटांत फरक येत नाही, माझं काय चुकतंय, असं तिनं अदबीनं विचारलं होतं. ताईनं दोन ओळींत उत्तर धाडलं होतं: हात बसायला वेळ लागतो, सराव वाढवा. पुढे त्या मुलीनं संशोधन सोडल्याचं ताईच्या कानावर आलं होतं.

गुरुवारी सकाळी ताईनं नियतकालिकाला लिहून निबंध मागे घेतला. शुक्रवारी मुलाखतीत तेच सांगितलं. सगळ्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि पद दुसऱ्याला दिलं.

सोमवारी तिनं कुठून कुठून त्या मुलीचा नंबर मिळवला. ती आता चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. ताईनं फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. सगळं एका दमात सांगितलं, कान, मामा, सोळा उंदीर.

"तुमचे उंदीर बरोबर होते," ताई म्हणाली.

"ते मला तेव्हाही माहीत होतं, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पण तुमचं पत्र वाचून माझ्या गाइडनी माझे उंदीर दुसऱ्याला देऊन टाकले. ठेवू का? गिऱ्हाईक थांबलंय."