फौजदारबाईंचा संशय

आमच्या फौजदारबाईंचा ‘हो’ या शब्दावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी “समजलं का?” असं विचारलं आणि वर्गाने एका सुरात “होऽ बाई” म्हटलं, की त्यांच्या भुवया वर चढायच्या. मग एकेकाच्या तोंडाकडे रोखून बघत त्या विचारायच्या, “कशावरून?” त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण देवपुरातल्या आमच्या शाळेत ते फक्त हजेरीपटापुरतं होतं. तोंडात कायम एक लवंग आणि नजर अशी, की काही केलेलं नसलं तरी आपण काय केलं ते आठवू लागावं.

हा संशय सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नसे. धडाधडा पाठ म्हणणाऱ्या मुलाला त्या मध्येच तोडायच्या आणि “आता पुस्तकातला एकही शब्द न वापरता सांग” म्हणायच्या. भास्कर खेड्यावरून यायचा. पुस्तकी मराठीत बोलायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. त्याला म्हणाल्या, “घरी बोलतोस तसं सांग. तुला येत नाही यावर माझा विश्वास नाही.” भास्करने विहिरीवरच्या मोटरीचा दाखला देत विजेचा अख्खा धडा अहिराणीत सांगितला आणि वर्ग बघत राहिला. एका मुलीचा लिहिण्याचा वेग फार कमी होता. तिची चाचणी त्यांनी मधल्या सुट्टीत लिंबाखाली तोंडी घेतली.

असली बाई पालकांना पचणार कशी? एका मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, तावातावाने शाळेत आले. “बाई, आमना पोऱ्याले लिखाले लावतस आनि त्या पोरले तोंडी इचारतस. हाई काय चालू शे?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “नाना, घरात तिखट भाजी झाली की तुमचे वडील तशीच खातात का?”

“नही. आबाले सोसत नही. आबा वरतून दूध टाकी लेतस.”

“मग मी तेच दूध वाढते. भाजी सगळ्यांना एकच आहे.”

नाना निघाले, पण त्यांचं समाधान झालं नसावं. फाटकाबाहेर जाईपर्यंत ते वळूनवळून बघत होते.

बाईंवर सगळ्यात जास्त संशय मात्र माझा होता, कारण मला काहीतरी लपवायचं होतं. लहानपणी तापात माझे कान गेले होते. अगदी पुरते नाही, पण समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर बोलण्याचा नुसता गुणगुणाट उरायचा. आईने बजावून ठेवलं होतं, “कोनले सांगू नको. गावले माहीत पडी जाई, मंग तुनं लगीन कसं व्हई?” त्यातच सातवीतून मी कशीबशी वर ढकलली गेले होते. आठवीत नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. सगळे शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. बाईही तशाच, आणि वर तोंडात लवंग. शेजारणीने वही उघडली की मी उघडायची, वर्ग हसला की मी हसायची, आणि वर्ष पुढे ढकलायची.

एके दिवशी बाई वर्गात मागे उभ्या असताना त्यांच्या हातून कंपासपेटी पडली. सगळा वर्ग दचकून वळला. मीही वळले, पण सगळ्यांच्या नंतर. बाई माझ्याकडेच बघत होत्या. घरी सांगितलं तर आईने कपाळाला हात लावला. “आते ती बाई बठ्ठासले, सगळा गावले सांगी देई!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं, “मी फळ्याकडे वळले की तुम्ही काय धंदे करता, ते मला कळलंय. यापुढे तुमच्याकडे पाठ करून मी एक शब्द बोलणार नाही.” तेव्हापासून त्या आधी मुकाट्याने फळा लिहायच्या आणि मग वळून, खिडकीच्या उजेडात उभ्या राहून बोलायच्या. उत्तर देणाऱ्यालाही पुढे येऊन वर्गाकडे तोंड करावं लागे, कारण “जागेवरून पुटपुटणारा थापा मारतो.” लवंगही बंद झाली. त्यांच्या लवंगांच्या डबीला म्हणे कोणीतरी हात लावला होता. आणि मला त्यांनी उचलून पहिल्या बाकावर आणलं. “हिच्यावर माझी नजर राहणार आहे.”

वर्ग खिदळला. मला रडूच फुटलं. आता कधी आईला बोलावणं धाडतात, याची मी रोज धास्ती घेऊन बसायची. आईचाही जीव टांगणीला. पण बाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि इकडे धडे मला समजू लागले होते. आठवी सुटली, नववी सुटली. दहावीचे पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

“बाई, पास झाले.”

“कशावरून?” त्यांनी गुणपत्रिका उजेडात धरून तपासली आणि मगच पेढा तोंडात टाकला.

त्यानंतर माझा धाकटा भाऊ त्यांच्या वर्गात गेला. पहिल्याच आठवड्यात तो कुरकुरत घरी आला. “अक्का, तुझ्या फौजदारबाई फळ्याशीच बोलत बसतात. तोंडात ती लवंग. निम्मं कळत नाही.”

“पाठ करून बोलतात?” मी विचारलं.

“मग काय!”

भाकरी थापता थापता आईचे हात थांबले. “आनि आपन तिले काय समजनूत!” आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भडभडून आलं. घराबाहेरच्या कोणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं, आणि तेही मला कोणी बहिरी म्हणू नये अशा बेताने.

बाई निवृत्त होऊन जळगावला, मेहरूणला राहायला गेल्या. मी नोकरीला लागले, कानाला यंत्र आलं, आणि ते झाकायला मी केस पुढे घेत नाही. एकदा त्यांना भेटायला गेले. त्या ओट्याशी पाठमोऱ्या चहा करत होत्या.

“बाई, माझ्या कानांचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?”

त्यांनी गॅस बारीक केला. तोंडातली लवंग काढून बशीत ठेवली. मग खिडकीच्या उजेडात सरकून पूर्ण माझ्याकडे वळल्या आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, “कशावरून?”