पडद्याकडे पाठ

थिएटरात एकतीस वर्षं काढूनही ज्याने एक सिनेमा धड पाहिलेला नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. कानमामा तसे होते. कामाने डोअरकीपर; पण दर शुक्रवारी पहिल्या खेळाला ते दाराशी पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि लक्ष देऊन ऐकायचे. पडद्यावरचं नव्हे, खुर्च्यांमधलं. खुर्च्या करकरू लागल्या की लोक कंटाळले. हसू पुढच्या रांगेत सुटून बाल्कनीपर्यंत पोचलं की काळजी मिटली. खेळ सुटल्यावर मामा मालकांच्या केबिनमध्ये जाऊन ‘तीन आठवडे’ किंवा ‘सोमवारी उतरवा’ एवढंच सांगत. पेपरात काय छापून येतं ते मालक बघतही नसत. मामांचा शब्द पुरे.

मग साथ आली, थिएटरला कुलूप लागलं आणि नवे सिनेमे सरळ लोकांच्या घरी यायला लागले. मामांच्या दोन खोल्यांत माणसं तीन आणि पडदेही तीन झाले. रिकामपणी मामांनी घरच्यांकडेच कान लावला. बायको कानात हेडफोन खुपसून भाजी निवडता निवडता सिनेमा बघायची आणि ऐन रंगात आलेला असताना तो थांबवून कपडे वाळत घालायला उठायची. लेकीचं दिवसभर घरूनच ऑफिस चालायचं. सुट्टीच्या दिवशी ती एका बैठकीत मालिकेचे आठ भाग संपवायची, तेही दीडपट वेगाने, दर पाच मिनिटांनी कूस बदलत. एवढी चुळबुळ म्हणजे मालिका आपटलीच, असं मामा धरून चालले होते. विचारलं तर म्हणाली, एकदम मस्त आहे. मामांनी कपाळाला हात लावला. माणूस रमला की स्वस्थ बसतो, एवढं तरी त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता त्याचीही खात्री राहिली नाही.

अकरा महिन्यांनी कुलूप निघालं. तोंडावर मास्क, एक सोडून एक खुर्ची. मालकांनी मामांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. एका पार्सलवाल्या कंपनीला गोदामासाठी ती जागा हवी होती आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मालकांचं मन धजत नव्हतं. त्यांनी एक नवा विनोदी सिनेमा मागवला होता.

“लोक परत रमतात का, तेवढं ऐकून सांग,” ते म्हणाले. “तू हो म्हणालास तर चालवतो. नाहीतर देऊन टाकतो.”

शुक्रवारी साठ-सत्तर माणसं आली. मामा नेहमीच्या जागी उभे राहिले, कान टवकारले. पडद्यावरचा नट एकामागून एक विनोद फेकत होता आणि हॉल ढिम्म. खुर्ची करकरत नव्हती, म्हणजे कंटाळा नव्हता. हसू फुटत नव्हतं, म्हणजे मजाही नव्हती. मग होतं तरी काय? अंधारात डोळे तेवढे दिसत होते, तेही पाणावलेले. मधूनच कुणाचे खांदे गदगदत, कुणी मास्कवर हात दाबून धरी. त्या दिवसांत चारचौघांत खोकणं म्हणजे गुन्हाच. बिचारे खोकला दाबून बसलेत, असा मामांनी अर्थ लावला. शनिवारी तेच, रविवारी तेच. मामा पुरते चक्रावले, पण उत्तर तर द्यायचं होतं.

“जीव मुठीत धरून बसतात, मालक,” ते म्हणाले. “हसत नाही कुणी. पुन्हा नाही यायचे.”

मालकांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. महिन्याभरात खुर्च्या उखडून नेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तोच सिनेमा घरी आला. सुट्टीची दुपार होती. लेकीने टीव्हीवर लावला आणि आईला हाताला धरून शेजारी बसवलं. मामा दाराशीच उभे. बसून बघायची त्यांना सवयच नव्हती. नटाचा पहिला विनोद झाला आणि बायकोने तोंडावर हात दाबला. खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी आलं. मामा धावत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आले.

“अगं, खोकला लागला का?”

“खोकला कसला? हसतेय मी.”

“मग आवाज?”

“आवाज कसा काढणार? वर्षभर हिच्या मीटिंगा चालायच्या शेजारी. असंच हसायची सवय लागलीय आता.”

टीव्हीवरची नजर न काढता लेक म्हणाली, की तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी हीच तऱ्हा आहे.

मामा पेला घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना लाज वाटली, रागही आला. राग नेमका कुणाचा, ते मात्र उमजेना. अख्खं गाव घरात बसून मुक्याने हसायला शिकलं आणि ज्याचं कामच हसू ऐकायचं, त्याला कुणी सांगितलं नाही. त्यांनी मालकांना फोन लावला.

“मालक, लोक हसत होते.”

“कुठले लोक?”

“त्या शुक्रवारचे. सगळेच्या सगळे. मला कळलं नाही.”



“मी होतो त्या खेळाला, मागच्या रांगेत,” मालक म्हणाले. “हसून हसून पोट दुखलं होतं माझं. मला वाटलं, मी एकटाच हसतोय.”