कासार बेडकाची साक्ष

मी चौथीतून शाळा सोडली, पण भूत, देवचार असल्या गोष्टींना कधी भीक घातली नाही. अजूनही घालत नाही. तरी हे लिहितोय, कारण हे मी माझ्या कानांनी ऐकले... आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

आमचे गाव आंबोली घाटाच्या पायथ्याशी. देवीच्या राईत झरा आहे. तिथे पावसात अंगठ्याएवढा एक बेडूक ओरडायचा — टाक, टाक-टाक. कासार भांडे ठोकतो तसा. म्हणून त्याचे नाव कासार. तो ओरडला की आमच्या घरच्या माणसाने गावाला सांगायचे, मग भातलावणी सुरू. हा मान आमचा, पणज्याच्याही आधीपासून.

मग कासार गप्प झाला. चार पावसाळे गावाने पंचांग बघून लावणी केली. मीही केली, मान खाली घालून. पाचव्या वर्षी — एकसष्ट-बासष्ट साल असेल — मी अडून बसलो. कासार सांगेल तेव्हाच लावणार. सगळ्यांची लावणी उरकली, माझा तरवा, भाताची रोपे, वाफ्यातच पिवळा पडायला लागला. घराचे वर्षाचे पोट त्याच्यावर. बायको म्हणाली, "आता बेडकाक आवतान धाडूचा ऱ्हवला." शेजारचा धाकू तर मला बघितले की जिभेने टाक-टाक करायचा.

त्याच आठवड्यात मुंबईहून बेडकांचा अभ्यास करणारे एक प्रोफेसर आले. पिशवीत काचेची बरणी, तिच्यात स्पिरिटात बुडवलेला कासार, पांढराफटक. आमच्याच घाटात पन्नासेक वर्षांपूर्वी धरलेला. म्हणाले, "ही जात संपली. आता कुठेही नाही." मी चारचौघांत म्हटले, आहे. झाले... आता माघार नाही.

दुपारी राईत गेलो. मी, प्रोफेसर, आणि मजा बघायला धाकू. मी देवीला गाऱ्हाणे घातले. पाऊस थांबलेला. आणि... टाक. टाक-टाक.

प्रोफेसरांनी झऱ्याकाठची सगळी पाने चाळली. आवाज अगदी जवळ, बेडूक कुठे नाही. धाकूचे तोंड उतरले. हळूच म्हणाला, "सायबानू, तुमच्या पिशयेत वाजता."

बरणी बाहेर काढली. मी ती हातात घेतली. बेडूक तसाच, मेलेला, तोंड मिटलेले. पण काच माझ्या तळव्यावर तीनदा थरथरली. टाक. टाक-टाक. मग बंद.

प्रोफेसर दगडावर बसले. मला विचारले, "असाच ओरडायचा?"

"असोच," मी म्हटले.

दुसऱ्या सकाळी धाकू घरची सगळी माणसे घेऊन माझ्या शेतात उतरला, न बोलावता. तरव्याची मूठ माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, पयली तुमी लावा."

त्यानंतर कासार कोणीच ऐकला नाही. मेलेला बेडूक कसा ओरडला, ते प्रोफेसरांनाही सांगता आले नाही, मला तर नाहीच. त्या वर्षी भात कमी पिकले. पण लावले ते कासाराने सांगितल्यावरच.