नळीच्या टोकाचा दागिना

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या रायफल क्लबात माझ्याइतका सुमार नेमबाज दुसरा नव्हता, आणि माझ्याइतकं सामानही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला नेम सुधारता येत नाही, म्हणून तो वस्तू सुधारत बसतो.

नळीच्या टोकाला काय लावावं, यावर मी महिनाभर खल केला. आवाज दाबणारा मॉडरेटर हवा, तर पोलिसांकडून बंदुकीच्या सर्टिफिकेटवर नोंद करून घ्यायची, फॉर्म भरायचा, वाट बघायची. मझल ब्रेकला यातलं काही नाही. बाजूंना भोकं पाडलेलं लोखंड ते. गोळीमागचा गॅस डावी-उजवीकडे फेकतं, खांद्याला धक्का कमी बसतो. म्हणजे आपला त्रास शेजाऱ्याच्या कानात.

हॅरोचा माझा मेहुणा, ज्याने जत्रेतल्या फुग्याशिवाय कशावर नेम धरलेला नाही, फोनवर म्हणाला, "भाऊजी, ब्रेकच घ्या. ब्रॉडबँड आल्यापासून मी सगळे फोरम वाचतोय. लूकच वेगळा येतो!"

अशा तज्ज्ञाचं मी ऐकलं.

दसऱ्याला घरात पाहुणे, त्यामुळे रायफल कपाटात कुलपाखालीच राहिली. पण शस्त्रपूजा तर व्हायला हवी! मी नवा ब्रेक पाटावर ठेवून त्यावर भरपूर हळद-कुंकू वाहिलं.

"अहो," बायको म्हणाली, "किसणी कसली पुजताय?"

रविवारी तो रायफलीवर चढवून रेंजवर गेलो. त्या दिवशी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीची निवड चाचणी होती. काउंटीच्या ज्युनिअर संघात आमच्या क्लबला एकच जागा, आणि तिच्यासाठी ती दोन वर्षं राबत होती. शेजारच्या चटईवर मी हट्टाने पथारी पसरली.

"बाबा, तू लांब जा ना, प्लीज."

"अगं, तुला धीर नको?"

ब्रेक आवळण्यात मी इतका वेळ घालवला की तिची शेवटचीच गोळी उरली. नेमकी तेव्हाच मी माझी पहिली झाडली. कानांवर आवाज अडवणारे डिफेंडर्स असूनही नेमबाजांची अख्खी ओळ हादरली. गॅसच्या लोटाबरोबर भोकांत अडकलेलं कुंकू उडालं आणि तिच्या गालावर बसलं. ती दचकली. तिची गोळी टार्गेटच्या पार कडेला.

रेंज ऑफिसर मागून आला. "कुणी डिस्टर्ब केलं का? तक्रार तूच करायची. केलीस तर ती गोळी पुन्हा मिळेल." बोलत तिच्याशी होता, बघत माझ्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मी तीन फुटांवर पडून होतो. हात वर करायला कितीसा वेळ लागतो? मी चेंबर रिकामं आहे का, हे फार बारकाईने तपासत राहिलो.

जागा एका गुणाने दुसऱ्या मुलीला गेली.

गाडीत बसल्यावर मी बापाच्या आवाजात म्हणालो, "सांगायचं होतंस की."

"मग त्यांनी तुला क्लबमधून काढला असता." ती टिश्यूने गाल पुसत होती. "आणि तुझे इथे दुसरे फ्रेंड्स नाही आहेत, बाबा."

मी उतरून परत आत गेलो आणि रेंज ऑफिसरला सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो." आणि निकालाचा कागद त्याने फळ्यावर टाचला.