मधल्या वहीतली लोकर

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींतला माणूस न्हाय. इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते खरं तर हसायसाठी. बायकोनं मोटरसायकलीला लिंबू-मिरची बांधली होती, तर मी ते लिंबू सोडून वरणात पिळून खाल्लं... असा माणूस. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण या पावसाळ्यात एका रविवारी, भर अकरा वाजता, लख्ख उजेडात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडंना.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरकडं जाणाऱ्या रस्त्याला. नाव लिहीत नाही, शाळेचा मामला आहे. ज्या शाळेत शिकलो तिथंच मी चौदा वर्षं क्लार्क आहे. जुन्या रेकॉर्डच्या खोलीची चावी माझ्याकडंच असते.

बिरू माझा वर्गमित्र. त्याचं घर मेंढरं घेऊन हिंडणारं. भूकंप झाला त्या साली ती माणसं गावात थांबली, आणि पत्र्याच्या शेडात शाळा भरायची तिथं गुरुजींनी बिरूला वय बघून एकदम तिसरीत बसवला. माझ्या शेजारी. त्याला अक्षराची ओळख नव्हती, म्हणून माझ्या पाटीवरचं बघून तो आपल्या पाटीवर उतरवायचा. आणि मी कसला द्वाड! त्याचं अर्धं झालं की थुंकी लावून पाटी पुसून टाकायचो. "थांब की लेका!" म्हणून तो लई चिडायचा. त्यावरनं त्यानं माझं नाव ठेवलं — पाटीपुश्या. पण ते फक्त आम्ही दोघंच असताना. पोरांनी मला चिडवू नये म्हणून चारचौघांत कधी उच्चारलं नाही, एवढं मोठं मन होतं त्याचं. सातवीनंतर तो मेंढरांमागं गेला आणि मी पुढं मुरुमला शिकायला.

गेल्या दिवाळीच्या आधी बिरू वारला. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत खेळ आटपला. त्याचं घर मळ्यात, शाळेपासून तीन किलोमीटर. मी मातीला गेलो नाही, त्या दिवशी शाळेत तपासणी होती. दहाव्याला जाऊ म्हणलं, तेही राहिलं. लिहायला लाज वाटते, पण राहिलं ते राहिलंच.

मग जुलैत त्याची पोरगी शाळेत आली, रेणुका. नर्सिंगला नंबर लागलेला, पण जातपडताळणीला बापाच्या शाळेचा उतारा पाहिजे होता. घरात शाळेची पायरी चढलेला बिरू एकटाच, त्यामुळं दुसरा कागद कुठनं आणणार? मी चार रजिस्टरं चाळली. माझं नाव सापडलं, सगळ्या वर्गाची सापडली, बिरूचं कुठंच न्हाय. दोनदा तिला परत पाठवलं. शनिवारी ती तिसऱ्यांदा आली. कागद द्यायची शेवटची तारीख सोमवार होती.

"काका, अजून एकदा बघा की. पप्पा तुमच्याच शेजारी बसायचे म्हणून सांगायचे."

"अगं, मग मी काय खोटं बोलतो का? गुरुजींनी नाव चढवलंच नसंल. नोंदच न्हाय तर उतारा कशाचा देऊ, माझ्या कपाळाचा?"

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "म्हणजे माझे पप्पा शाळेत आलेच न्हायत, असंच ना?" आणि गेली. मी मेलो तिथंच, पण माझा ताठा असा की हाक मारली नाही.

रविवारी ऑनलाइन माहिती भरायची राहिली होती म्हणून मी शाळेत गेलो. गेटला आतनं कुलूप घातलं, रेकॉर्डच्या खोलीत टेबलापाशी बसलो. ऊन पडलेलं, मैदानात चिटपाखरू न्हाय. आणि एकदम मेंढराचा वास आला. पावसात भिजलेल्या मेंढराचा असतो ना, उग्र, तसला. मी खिडकीकडं बघणार, तेवढ्यात पाठीमागनं, अगदी मानंजवळनं —

"पाटीपुश्या, माझं बी नाव पुसलालास व्हय रे?"

अहो, खुर्ची पाडत उठलो. "कोण हाय रे? कोण हाय?" म्हणून ओरडलो. खोलीत कुणी न्हाय, व्हरांड्यात कुणी न्हाय, गेटचं कुलूप जसंच्या तसं. आवाज बिरूचा होता. लहानपणीचा न्हाय, मोठ्या माणसाचा, तंबाखूनं घोगरा झालेला. पळून जायला पाहिजे होतं, पण वास कोपऱ्यातल्या लोखंडी ट्रंकेपाशी लई दाट होता. का कुणास ठाऊक, मी ट्रंक उघडली.

वर जुन्या उत्तरपत्रिका, तळाला लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा. सुतळीची गाठ इतकी बसलेली की ब्लेडनं कापावी लागली. आत एक शंभर पानी वही निघाली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भूकंपात शाळेचं रजिस्टर ढिगाऱ्याखाली गेलं होतं. ते सापडेपर्यंत चार-पाच महिने गुरुजी साध्या वहीत नावं चढवायचे. रजिस्टर मिळाल्यावर पुढची नावं पुन्हा त्यात चढली, आणि ही मधली वही बांधून पडली ती पडलीच. मी चौदा वर्षांत कधी तो गठ्ठा सोडला नव्हता.

वहीत एका ठिकाणी बोटभर लोकर खूण म्हणून घातलेली होती. तेच पान उघडलं. बिरू. बापाचं नाव, जात, इयत्ता तिसरी, खाली हेडमास्तरांची सही. सगळं शाबूत. लोकर हातात घेतली तर बोटाला तेलकट लागली, थोडी ओलसरसुद्धा. एका टोकाला हिरवा रंग. मी तिथंच जमिनीवर बसून रडलो, खरं सांगतो.

रेणुकाला फोन केला. ती चुलत्याच्या गाडीवर अर्ध्या तासात आली. वही बघून तिनं पदर तोंडाला लावला... पदर कसला, ओढणी. मी तिला लोकर दाखवली आणि म्हणलं, "तुझ्या बापानं शाळेत असताना घातली असंल बघ."

तिनं ती उजेडात धरली आणि तिचा चेहराच बदलला.

"शाळेत कुठलं काका? हा हिरवा रंग बिरोबाच्या देवळाच्या दाराचा हाय. तीन वर्षांमागं दार रंगवलं, उरलेल्या डब्यातनं पप्पांनी मेंढरांवर खुणा केल्या. बाकी सगळे गेरूच लावतात, हिरवी खूण फक्त आमची."

"मग आत्ताच्या मेंढरांची असंल."

"मेंढरं कुठं हायत आता? संक्रांतीलाच दुसऱ्याला दिली. रानात जायला हाय कोण?"

चुलत्यानं नुसते हात जोडले. मी विचारलं, "रेणुका, पप्पा मला काय म्हणायचे गं घरी?" ती म्हणाली, "नावानंच म्हणायचे की. का?" मी म्हणलं, काही न्हाय.

मग तीच हळू आवाजात बोलली. "काल घरी गेल्यावर पप्पांच्या फोटोपुढं लई भांडले मी. म्हणलं, तुमचा दोस्त माझं काय ऐकंना, आता तुम्हीच जाऊन सांगा."

सोमवारी सकाळी हेडमास्तरांनी सही केली, दुपारपर्यंत कागद पोचला. रेणुका आता नर्सिंगला आहे. बिरूच्या घरी मी त्याच रविवारी तिच्या मागोमाग गेलो, नऊ महिने उशिरानं. त्याच्या फोटोपुढं बसलो.

ती लोकर आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कशी आली, मला न्हाय सांगता येत. वही उंदरानं हलवली असेल, कुणी गंमत केली असेल, सगळा विचार करून झालाय. तुमच्याकडं काही उत्तर असेल तर लिहा, मी वाचीन. फक्त तो आवाज वाऱ्याचा असेल असं लिहू नका. वाऱ्याला माझं ते नाव माहीत नव्हतं.