नगरमार्गे पिस्कॅटवे

ज्या रेडिओचं ऑफिस आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरापासून अर्ध्या तासावर होतं, तो रेडिओ आमच्या घरी लागत नव्हता.

२००४च्या उन्हाळ्यात पप्पा नगरहून आले. बॅगेत कपडे मोजकेच, पण शॉर्टवेव्ह रेडिओ सगळ्यात वर! मराठी ख्रिस्ती कार्यक्रम ते रोज संध्याकाळी ऐकत. आई गेल्यापासून तर तो ऐकल्याशिवाय जेवत नसत. कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता यायचा न्यू जर्सीचा.

"म्हणजे इथं तर खणखणीत लागेल!"

"लागणारच, पप्पा!" (मी टेलिकॉम इंजिनियर. छाती फुगवायला आणखी काय लागतं?)

संध्याकाळी सात वाजता लावला. नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझी बायको शीला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, नगरला आत्ता पहाट आहे ना?"

मग नगरच्या संध्याकाळच्या हिशोबानं शनिवारी सकाळी मी एरियल उभारायला घेतली. बाल्कनीत तार बांधायला कॉम्प्लेक्सची बंदी, म्हणून हॉलभर फिरवली आणि टोक बांधलं छताच्या पंख्याला.

"अरे सुनील, पंख्याला?"

"पप्पा, उंची महत्त्वाची!"

एवढ्या खटाटोपानं मला घाम फुटला, म्हणून मी पंखा लावला.

तार गरागरा गुंडाळली गेली, तिच्यासोबत पडदा निघाला आणि पप्पांचा रेडिओ टेबलावरून उडून सोफ्यावर आदळला! रेडिओ वाचला, माझी अब्रू नाही. पप्पांनी सेल गोळा केले आणि ते म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे. तिथं निदान माझी संध्याकाळ तरी होते."

मला फार वाईट वाटलं. सोमवारी रजा टाकून सकाळीच रेडिओच्या ऑफिसला फोन केला. तिथले मराठी गृहस्थ पोटभर हसले. "अहो, इथं फक्त रेकॉर्डिंग होतं. प्रक्षेपण समुद्रापलीकडून, तेही भारताच्या दिशेनं. अमेरिकेत कसं लागेल?"

शीलानं हे ऐकलं, भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड काढलं आणि नगरला माझ्या आत्याला फोन लावला. "आत्या, रेडिओ लावा आणि फोन त्याच्याजवळ धरा."

आमच्या फोनच्या स्पीकरमधून खणखणीत मराठी आलं! मग पप्पांचं आवडतं गीत. पप्पा गायला लागले, तिकडून आत्याही; पण फोनमुळे अर्धी ओळ मागे.

"सुमन, ताल सांभाळ!"

"दादा, तूच घाई करतोस!"

भांडत भांडत दोघांनी गीत पूर्ण केलं. पप्पांनी डोळे पुसले. "तिकीट राहू दे," ते म्हणाले, "आणि शीला, जेवायला वाढ." सकाळचे साडेदहा वाजले होते, पण कोणाची हरकत नव्हती.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी पप्पांची ओळख करून देणार, तेवढ्यात त्यांनीच सगळ्यांना आमची ओळख करून दिली. "ही माझी सून. टेलिकॉम इंजिनियर आहे." मग माझ्याकडे वळून जरा आठवल्यासारखं केलं. "आणि हा तिचा नवरा."