यांत्रिक बिघाड

जुनी गाडी दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाला एखादा भाग धड निघाला की आनंद होतो. निदान तो शोधत वणवण करायला नको, एवढं तरी सुख. या गृहस्थांचं सगळंच उलटं होतं. भाग खराब निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची, आणि चांगला निघाला की हातातलं फडकं टाकून ते घरात जाऊन बसायचे. मग जेवणात लक्ष नाही की बोलण्यात नाही. बायको म्हणायची, "अहो, कार्बोरेटर चांगला निघाला म्हणालात ना? मग तोंड का पाडलंय?" ते म्हणायचे, "काही नाही, कंबर धरली जरा."

कंबर धरलेली असायची, हेही खोटं नव्हतं. बासष्टाव्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली उताणं शिरायचं म्हणजे ती धरणारच. पण तोंड पडायचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी चार वर्षांत एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

गाडी म्हणजे अँब्युलन्स. पेट्रोलवर चालणारी, चोक ओढून, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल पाजून, सुरू करायची, पुढून बेडकासारखी दिसणारी. इस्पितळाच्या नोकरीत त्यांनी ती एकवीस वर्षं चालवली. कुठल्या खड्ड्यात ती कशी कुरकुरते हे त्यांना पाठ होतं. नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच असायचं. ते एकच गोष्ट शंभरदा सांगायचे. गाडी मध्येच बंद पडली तर हातपाय गाळायचे नाहीत. गरम इंजिनाचा चोक ओढायचा नाही, पेडलवर पाय दणादण मारायचा नाही. पेट्रोल नुसतं आत साचतं, आणि मग देव आला तरी गाडी चालू होत नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, की ती आपोआप शहाण्यासारखी वागते.

तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी, लाकडाच्या वखारीपाशी वळण घेताना, ती बंद पडली. मागे एक चौतीस वर्षांची बाई होती, तिला श्वास घेता येत नव्हता. तिचा नवरा तिचा हात धरून बसला होता आणि काचेवर थापा मारत होता. अकरा मिनिटं गाडी चालू झाली नाही. शेवटी एका टेम्पोत घालून तिला नेलं, आणि ती रस्त्यातच गेली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणली असती तर कदाचित.

इस्पितळाच्या हापिसात चौकशी झाली. चौकशी कसली, एक कारकून, एक कागद. "काय झालं?" "अचानक बंद पडली." "यांत्रिक बिघाड," असं कारकुनाने लिहिलं आणि सही घेतली. कुणी इंजिन उघडून पाहिलं नाही. नवी गाडी येणारच होती, ती आली, आणि जुनी इस्पितळामागच्या भिंतीला टेकवून ठेवली. नऊ वर्षं ती तिथे पडून राहिली आणि ते तिच्यासमोरून रोज नवी गाडी घेऊन जात राहिले. ते निवृत्त झाल्यावर ती भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी ती घेतली.

आता त्यांची गोष्ट अशी होती की त्या अकरा मिनिटांतली एकच गोष्ट त्यांना स्वच्छ आठवत होती. चोकची मूठ त्यांच्या हातात होती आणि ती बाहेर ओढलेली होती. म्हणजे एकवीस वर्षं दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते त्यांनी स्वतः केलं होतं. पण गाडी मुळात दुसऱ्याच कशाने बिघडली असेल तर चोक ओढला काय आणि नाही काय, ती चालू झालीच नसती. तसा बिघाड असेल तर तो गाडीत अजून असणार. सापडला पाहिजे. नाही सापडला तर ती बाई त्यांच्या हाताने गेली. चार वर्षं ते गाडी दुरुस्त करत नव्हते, बिघाड शोधत होते. लोकांना फरक कळला नाही. लोकांना फरक कळावा असं ते वागलेही नाहीत.

गल्लीत त्यांच्या चिकाटीची उदाहरणं दिली जात. "काकांकडे बघ, चार वर्षं एका गाडीमागे आहेत!" असं शेजारची बाई आपल्या नवऱ्याला ऐकवायची, कारण तिच्या नवऱ्याने चार महिने नळाची गळती तशीच ठेवली होती. बायको सकाळी शेडच्या दारात चहा ठेवून विचारायची, "कशी आहे तुमची पेशंट?" बिचारी थट्टेने म्हणायची. ते कप उचलून म्हणायचे, "आहे तशीच."

मदतीला इस्पितळाच्या वर्कशॉपचा जुना फोरमन यायचा. दोघं बरोबरच नोकरीला लागलेले, त्यामुळे अरेतुरे. फोरमनला सतत बोलायला लागायचं. "दिवसाला एक नट," तो म्हणायचा. "डोंगराकडे बघायचंच नाही. एक नट सुटला, की घरी जायचं." आणि खरंच काही दिवस एकच नट सुटायचा. ब्रेक जाम, दाराच्या बिजागऱ्या जाम, टाकीच्या तळाला गंजाचा चिखल. गॅस्केट तीनदा मागवलं, तीनदा दुसऱ्याच गाडीचं आलं. एकदा पाना निसटून त्यांच्या अंगठ्याचं नख गेलं, आणि फोरमनने हात टेकले. "विकून टाक रे भंगारात. तिनं तुला छळायचं ठरवलंय." ते म्हणाले, "वायरिंग तर बघू."

वायरिंग कुरतडलेलं निघालं तेव्हा ते इतके हरखले की फोरमन चक्रावला. "हेच असेल!" ते म्हणाले. "हेच, बघ, इथे तुटलंय."

"हेच काय असेल? उंदरांनी खाल्लंय. तांबं अजून चकचकीत आहे बघ, फार तर वर्षाचं काम."

"आधीचं नसेल?"

"आधी गाडी रोज पळत होती. पळत्या गाडीत उंदीर जेवायला बसतात का?"

असंच एकेक होत गेलं. टाकीतला गंज पडून राहिल्याचा. पंपातलं रबर कडक झालेलं, पण फाटलेलं नाही. कार्बोरेटरची भोकं साफ. पॉइंट ठीक. कंडेन्सर फोरमनने तपासून हातात दिला आणि म्हणाला, "नशीबवान आहेस, अजून दहा वर्षं जाईल." नशीबवान माणूस तो कंडेन्सर घेऊन अर्धा तास तसाच उभा होता. फोरमन नवे भाग सुचवायचा, ते एकालाही तयार नसायचे. इंजिनाला आग देणारं जे जे होतं, ते जुनंच राहायला हवं होतं. याला लोक अस्सलपणाचा हट्ट म्हणाले, आणि कौतुकाने म्हणाले.

मग त्यांनी चालढकल सुरू केली. हे मात्र सांगायलाच हवं, कारण इतका उत्साह त्यांनी आधी कधी दाखवला नव्हता. पत्रा ठोकून सरळ करण्यात सहा महिने घालवले. रंगाचे तीन हात दिले, मग तिसरा आवडला नाही म्हणून घासून काढला. आतल्या स्ट्रेचरची चाकं, जी कुणी बघणार नव्हतं, तीही पॉलिश केली. कारण आता तपासायची एकच वस्तू राहिली होती, ती म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल. कॉइलचा एक दुर्गुण असतो. थंड असताना ती सज्जनासारखी चालते, तापली की दगा देते, आणि थंड झाली की पुन्हा सज्जन. तपासणीत सापडत नाही, इंजिन तासन्‌तास चालवावं लागतं. त्या दुपारीही गाडी तापलेलीच होती. त्यांची सगळी भिस्त आता या मुठीएवढ्या डब्यावर होती, आणि ती जितके दिवस तपासली जात नव्हती तितके दिवस ते सुटलेले होते.

पण रंग तरी किती वेळा घासणार? एका रविवारी सकाळी फोरमनने बॅटरी आणून जोडलीच. शेजारपाजारचे जमले. बायको पदराला हात पुसत आली. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. फोरमनने त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली पडला.

"राहू दे चालू," ते म्हणाले.

तासाभराने लोक घरोघर गेले. दोन तासांनी बायको जेवायला बोलावून थकली. ते बॉनेट उघडून कॉइलवर हात ठेवून उभे होते. कॉइल तापली होती, हाताला चटका बसत होता. ते हात काढायचे आणि पुन्हा ठेवायचे. इंजिन एका लयीत चालत होतं.

"बंद कर ना आता," फोरमन म्हणाला. "पेट्रोल काय फुकट आलंय?"

"अजून तापू दे."

"अरे किती तापू दे? नाही दगा देणार ही. तेव्हाही दिला नाही, आताही—" आणि फोरमन थांबला. चार वर्षं बडबड करणारा माणूस, पण मूर्ख नव्हता. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हात आत घालून स्वतःच किल्ली बंद केली. "तू काय शोधतोयस?"

त्यांनी सांगितलं. शेडमधल्या खोक्यावर बसून, चोकच्या मुठीपासून सगळं. फोरमन ऐकता ऐकता पाने पुसून पेटीत ठेवत राहिला. शेवटी म्हणाला, "कागदावर यांत्रिक बिघाड लिहिलंय. तिथेच राहू दे." आणि घरी गेला. तो पुन्हा आला, पण दिवसाला एक नट वगैरे काही म्हणाला नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हाला एक नाद लागलाय. बरं वाटत होतं मला." मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "आता त्या बाईच्या नवऱ्याला सांगायला जाल. सांगून कुणाचं भलं होणार ते आधी ठरवा, मग जा."

त्यांनी आठ दिवस विचार केला. काही ठरलं नाही. नवव्या दिवशी ते गेले.

त्या बाईच्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. तेरा वर्षं तो यांच्याशी चांगलाच वागला होता. दिसले की स्टूल पुढे करायचा, चहा मागवायचा. अगदी त्या दिवशी, इस्पितळाच्या पायरीवर, यांनाच रडू आवरत नव्हतं तेव्हा तो म्हणाला होता, "तुम्ही तरी काय करणार, गाडीच बंद पडली." त्या वाक्यावर यांनी आजवर दिवस काढले होते.

दुकानासमोर अँब्युलन्स उभी राहिली तेव्हा तो मशीनमध्ये कागद लावत होता. बाहेर बघून त्याने कागद आत सारले आणि मशीन चालू केलं. मग त्याने स्टूल ओढलं. "नटवलीत म्हणे अगदी. ऐकलं मी. बसा, चहा सांगतो."

"चहा नको. तिच्यात काही बिघाड नव्हता."

"म्हणजे?"

"तेव्हा. सगळी उघडून बघितली. एकेक भाग बघितला. गाडी चांगली होती. वळणावर माझ्याकडून बंद पडली, आणि मी घाबरलो. गरम गाडीचा चोक ओढला, पाय मारत राहिलो. गप्प बसलो असतो तर पाच मिनिटांत चालू झाली असती."

मशीनमधून कागद एकामागून एक बाहेर पडत होते. ते संपले. त्याने गठ्ठा उचलला, टेबलावर आपटून कडा जुळवल्या, पुन्हा आपटल्या.

"मी त्या गाडीला रोज शिव्या घातल्यात, काका," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही. पोरगी विचारायची, आई कशी गेली. मी सांगायचो, गाडी बंद पडली. दहा वर्षांची असताना ती जाऊन गाडीला दगड मारून आली. दारावर पोचे असतील."

"होते. मी काढले."

"मी तिला रागावलो नाही. म्हटलं मार, लोखंडाचं काय जातंय. लोखंडावर राग काढता येतो, काका. आता मी काय करू? तुमच्यावर काढू?"

"काढा."

"कसा काढू? त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रडला होतात." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पोरीला आता काय सांगू ते तुम्हीच सांगा."

 माफीचा शब्द त्यांनी आठ दिवस घोकला होता, तो तोंडातच राहिला.

"निघा तुम्ही," तो म्हणाला. "आणि पुन्हा येऊ नका. आलात तर सवयीनं मी चहा मागवीन, आणि मला तो मागवायचा नाही."

ते उठले. बाहेर येऊन गाडीत बसले, दार लावून घेतलं. दुकान अगदी समोर होतं. तो काउंटरमागे उभा होता, हातात तोच गठ्ठा, मान खाली. पण ऐकत होता, हे त्यांना कळत होतं. ते किल्लीला हात लावून बसून राहिले. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यावी असंही मनात आलं, पण एकट्याने ती हलली नसती. त्यांना मनापासून वाटलं, की आता, या माणसासमोर, एकदा तरी हिने बंद पडावं.

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली.